टेस्ट रिपोर्टवरची माझी सही

मा. संपादक यांस,
स. न.

उन्हाळा लागला की आपल्या अंकाच्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते. कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून अमक्या गावी अमका दगावला, पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद, संपलं. आग लागली असेल तर 'शॉर्टसर्किटमुळे' हा शब्द हमखास. आमच्या लहानपणी म्हातारं माणूस कशानंही गेलं तरी 'हार्टफेल' म्हणायचे, तसंच हे. शॉर्टसर्किट का झालं, त्या घराची फिटिंग कोणी केली, तपासली कोणी, टेस्ट रिपोर्टवर सही कोणाची, हे काही छापून येत नाही. यंदा मीच लिहून पाठवतो आहे, कारण एका घराच्या कागदावरची ती सही माझी होती.

मी अमळनेरचा. १९८६ साली आयटीआयला तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, ट्रेड पास झालो, तेव्हापासून हाच धंदा. सागवानी पट्टीवर क्लिपा ठोकून वायर ओढायचे दिवस पाहिले, मग केसिंग आलं, मग स्लॅबमध्ये पाइप टाकून कन्सिल फिटिंग. १९९७ ला कंत्राटदाराचं लायसन्स काढलं. मंगल कार्यालयापासून डाळ मिलपर्यंत सगळं केलं आहे. हात कधी वाईट नव्हता, हे आत्मस्तुती म्हणून नाही, पुढचं समजावं म्हणून सांगतो.

लोकांना वाटतं, वायरमन म्हणजे वायरमन. कायद्यात तसं नाही. भिंतीत हात घालणाऱ्याकडे तारतंत्रीचा परवाना हवा, त्याच्या कामावर उभं राहणाऱ्याकडे पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र, आणि काम अंगावर घेणाऱ्याकडे विद्युत कंत्राटदाराचं लायसन्स. तिन्ही राज्य शासनाची, मंडळ मुंबईला. हा काही परवाचा नियम नाही. १९५६ च्या वीज नियमांत नियम ४५ होता, २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांत तोच आला, २०२३ च्या नव्या विनियमांतही आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण जुनं काढून तसंच नवं बसवायला कोणाला विचारावं लागत नाही. पण नवा पॉइंट काढला, एसीसाठी वेगळी लाइन ओढली, वर मजला चढवला, की ते लायसन्सवाल्याचं काम. काम संपलं की त्यानं मेगर लावायचा, म्हणजे ५०० व्होल्ट देऊन वायरीचं इन्सुलेशन तपासायचं, ते निदान १ मेगओहम यायला पाहिजे. अर्थिंग, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी जोडणी, मोजायचं. ते आकडे टेस्ट रिपोर्टवर लिहून सही-शिक्का करायचा आणि तो कागद नव्या मीटरच्या अर्जाला जोडायचा.

आता प्रत्यक्षात काय चालतं ते सांगतो.

घरमालक काम देतो पॉइंटाच्या भावानं, आणि देतो त्याला, जो पॉइंटामागे वीस रुपये कमी सांगेल. तो बहुतेक कोणाच्या तरी हाताखाली तीन-चार वर्षं काढलेला पोरगा असतो. परवाना नसतो. घर बांधून होतं, रंग होतो, वास्तुशांतीची तारीख ठरते, आणि मग मीटरसाठी टेस्ट रिपोर्ट लागतो असं कळतं. पोरगा माझ्याकडे येतो. "काका, एक सही." मी ओट्यावर चहा घेत कोरा रिपोर्ट पुढे ओढायचो. इन्सुलेशनच्या रकान्यात ५० मेगओहम, अर्थच्या रकान्यात २ ओहम, सही, शिक्का. १९९७ साली याचे पन्नास रुपये घ्यायचो, शेवटी शेवटी पाचशे. ज्या घराचा उंबरा पाहिला नाही त्याच्या मातीत किती ओहम आहेत, हे मी बसल्या जागी सांगत होतो. एखाद्या गुरुजींनी बिनभेटीचं लग्न जुळवावं तसं.

मेगर होता ना माझ्याकडे. अर्थ टेस्टरही होता. लायसन्ससाठी ही यंत्रं दाखवावी लागतात म्हणून घेतलेली, पेटीसकट कपाटात. मिलच्या कामाला काढायचो, कारण तिथं विचारणारा असायचा. घरांना कशाला, असं वाटायचं. गावात हे करणारा मी एकटा नव्हतो, पण दुसऱ्यांचं त्यांनी लिहावं.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. मे महिना, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया होऊन आठवडा झाला असेल. गावाबाहेरच्या प्लॉट एरियातलं घर, तीन वर्षांपूर्वी बांधलेलं. लेक माहेरी आलेली, तिचा आठ वर्षांचा मुलगा दुपारी अनवाणी कूलरजवळ गेला. कूलर आपल्याकडे असतो तसाच, गावातल्याच फॅब्रिकेशनवाल्यानं बनवलेला लोखंडी डबा. खालच्या टाकीतल्या पाण्याच्या छोट्या मोटरीतून करंट गळत होता, फरशी ओली होती. मुलानं जाळी धरली आणि हात सुटेना. करंट लागला की हाताची मूठ आपोआप आवळते, माणूस सोडू म्हटलं तरी सोडू शकत नाही. आजीनं त्याला धरलं नाही, हे नशीब. तिनं न्हाणीतलं लाकडी धोपाटणं आणून वायरीवर असं हाणलं की पिन बोर्डातून निघून पडली. मूल वाचलं. तळहातावर जाळीच्या पट्ट्या उमटल्या, तेवढ्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मला वाटलं नेहमीचं काम. गेलो, तर आजीनं मीटरची फाइल पुढे ठेवली आणि अहिराणीत एवढंच विचारलं, "सही तं तुम्हनीच शे ना, भाऊ?"

सही माझीच होती.

बोर्ड खोलला. कूलर लावलेलं तीन छिद्रांचं सॉकेट, वरच्या मोठ्या छिद्राला अर्थिंगची हिरवी वायर यायला हवी. आली होती, सॉकेटपर्यंत नाही, नुसती डब्यापर्यंत. डब्याच्या कोपऱ्यात ती जिलबीसारखी गुंडाळून ठेवलेली, टोकाला टेप. टेपच्या आत तांबं सोललेलंसुद्धा नव्हतं. तरी म्हटलं, बाहेरचं टोक तरी बघू. मीटरखालून हिरवी वायर भिंतीला लागून खाली उतरून मातीत गेली होती. मी ती धरून थोडी ओढली तर खालचा रॉड मुळ्यासारखा हातात आला. दीड फूट. पाइपचं अर्थिंग करायचं तर इलेक्ट्रोड निदान अडीच मीटर खोल जायला हवा, म्हणजे आठ फूट. त्यात आपली काळी जमीन. उन्हाळ्यात ती भेगाळते, आणि रॉड त्या भेगेत चौफेर हवा घेत सुटा उभा राहतो. आमचे निदेशक म्हणायचे, खान्देशात अर्थिंग पावसाळ्यात मोजू नका, मे महिन्यात मोजा. त्या दिवशी मी ते मोजलं, मे महिन्यातच. दोनशेच्या वर ओहम. माझ्या अक्षरात रिपोर्टवर लिहिलेलं होतं, २.

या दोन आणि दोनशेचा फरक काय, तो वाचकांना समजावा म्हणून जरा हिशेब मांडतो. अर्थिंग खरंच २ ओहमचं असेल आणि फेज कूलरच्या लोखंडाला लागला, तर २३० भागिले २, म्हणजे ११५ अँपियर करंट जमिनीत धावतो. १६ अँपियरची एमसीबी, म्हणजे जादा करंट झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा खटका, तेवढा सहन करत नाही, पडतेच. अर्थिंग २०० ओहमचं असेल तर करंट सव्वा अँपियरसुद्धा नाही. एमसीबीला वाटतं कोणी टीव्ही लावला. ती ढिम्म. इकडे माणसाच्या छातीतून अँपियरचा विसावा भाग गेला तरी जीव जाऊ शकतो. 'आमच्याकडे एमसीबी आहे ना' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की एमसीबी वायर जळू नये म्हणून आहे. माणसासाठी आहे ती आरसीसीबी. ३० मिलिअँपियर गळती झाली की ती पडते. त्या घरात ती नव्हती. हजार-दोन हजार वाचवले होते. त्याच घराच्या गच्चीला स्टीलचं रेलिंग मात्र चकचकीत होतं.

आमच्या धंद्यातला एक जुना गैरसमजही सांगून टाकतो. फेज आणि अर्थ यांच्यात शंभर वॅटचा बल्ब लावायचा, लख्ख पेटला की 'अर्थिंग एक नंबर'. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. त्या बल्बला अर्ध्या अँपियरपेक्षा कमी करंट लागतो. अर्थिंग वीस ओहमचं असलं तरी तो झकास पेटतो, आणि वीस ओहमात फॉल्टचा करंट साडेअकरा अँपियर, १६ ची एमसीबी हलत नाही. मालक खूश, वायरमन खूश, बल्बही खूश. म्हणून मोजायला यंत्र आहे.

ती फिटिंग करणाऱ्या पोराला मी शोधून काढलं. चिडूनच गेलो होतो. म्हटलं, हिरवी वायर जोडली का नाहीस? तो म्हणाला, "काका, मालकानं अर्थिंगच्या खड्ड्याचे पैसे कापले. वायर तर टाकली होती ना." ती कशासाठी असते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या उस्तादानं फेज काळजीनं जोडायला शिकवलं, न्यूट्रल शिकवलं, हिरवी म्हणजे वेळ उरला तर. बाकी काम त्याचं खरोखर नीट होतं. पाइपचे बेंड, बोर्डाची लेव्हल, सांधे, सगळं. माझ्या दोन परवानाधारक माणसांपेक्षा सरस. म्हणून 'परवाना नाही म्हणजे नालायक' असं कोणी म्हटलं तर मला पटत नाही, आणि 'परवाना आहे म्हणजे सुरक्षित' हे तर माझ्याच सहीनं खोटं पडलं आहे.

पुढे काय झालं? काही नाही. विद्युत कायदा २००३ चं कलम १६१ म्हणतं की विजेच्या अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाकडे जायला हवी. घरच्यांनी दिली नाही, मूल बरं होतं. मीही दिली नाही. कारण उघड आहे. मी स्वखर्चानं खड्डा घेतला, अडीच मीटरचा पाइप, मीठ-कोळसा, प्रत्येक सॉकेटला हिरवी वायर, आरसीसीबी. पैसे घेतले नाहीत. आजीनं चहा दिला, बोलली काही नाही.

तेव्हापासून घर पाहिल्याशिवाय सही करत नाही. परिणाम असा की पोरं दुसरीकडे जातात. एक गृहस्थ तर घरी येऊन भांडले, "पाचशेच्या सहीसाठी तुम्ही माझ्या नव्या भिंतीतले बोर्ड उघडणार?" परवाना, लायसन्स, शिक्का म्हणजे चरायचं कुरण, असं लोक म्हणतात. मी काय उत्तर देऊ? सव्वीस-सत्तावीस वर्षं मीच चरलो. पण कुरणात गुरं शिरली म्हणून कोणी बांध फोडत नाही.

माझं मागणं नव्या नियमाचं नाही. आहे तो नियम उंबऱ्याच्या आत यावा. मोठ्या इमारतींना विद्युत निरीक्षक आहे, १५ मीटरपेक्षा उंच असेल तर त्याच्या तपासणीशिवाय वीज मिळत नाही. आमच्या गावात तेवढं उंच किती? उरलेल्या एक-दोन मजली घरांना तपासणारा म्हणजे तो सही करणारा कंत्राटदारच. बांधकामाच्या नकाशात संडासाची खिडकीसुद्धा मापासह असते, अर्थिंगचा खड्डा मात्र कुठे दिसत नाही. तेव्हा निदान इतकं व्हावं, की टेस्ट रिपोर्टवर रीडिंग घेतल्याची तारीख-वेळ आणि घरमालकाची 'माझ्यासमोर मोजलं' अशी सही असावी, सोबत खड्ड्याचा आणि यंत्रावरच्या आकड्याचा मोबाइलवर काढलेला फोटो. आता शेंगदाण्याच्या पावतीचाही फोटो मागतात. मंजुरीच्या टेबलावरच्या माणसानं दहातल्या एका घरी फोन करून 'कंत्राटदार आला होता का?' एवढं विचारलं तरी माझ्यासारखे निम्मे सुधारतील.

आणि या पोरांचं काही तरी करा. खेड्यात डीपीवर, खांबावर चढणारे 'झिरो वायरमन', म्हणजे कोणाच्याही नोकरीत नसलेले बिनपरवान्याचे वायरमन, आपण सगळे ओळखतो. रात्री केळीच्या बागेतली मोटर बंद पडली की लाइनमनच्या आधी त्यालाच फोन जातो. गावाची वीज तो चालू ठेवतो, आणि खांबावरून पडला तर तो कोणाचाच माणूस नसतो. शहरातले आमचे पॉइंटवाले त्याचेच भाऊबंद. ज्याची दहा वर्षं या कामात गेली त्याला पुन्हा दोन वर्षं आयटीआयच्या बाकावर बसायला सांगणं, घरी बायको-पोरं असताना, म्हणजे नको म्हणण्यासारखंच आहे. तालुक्याच्या ठिकाणी महिनाभर संध्याकाळचे वर्ग घ्या, अर्थिंग-मेगर-आरसीसीबी हातानं करवून घ्या, परीक्षा कडक घ्या, आणि जो पास होईल त्याला कागद द्या. शिकवायला मी फुकट येईन. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, तिथं दुकानांच्या रांगांतून वाळूवर पडलेल्या वायरी आणि त्यांचे टेप गुंडाळलेले सांधे एकदा चालत चालत बघा. ते जोडणारे हात हेच आहेत. दरवर्षी लाखो पावलं त्यावरून जातात.

घरमालकांना एवढंच सांगतो की काम सुरू करण्याआधी परवाना बघायला मागा, त्यात कोणाचा अपमान नाही. शेवटचा हप्ता मेगर आणि अर्थ टेस्टर डोळ्यासमोर लागल्यावरच द्या. आरसीसीबीवर टी लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर ती बदला. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात दोन-चार दिवसांआड बादलीभर पाणी टाका. आणि कूलरमध्ये पाणी भरताना पिन काढा. बटण बंद करून भागत नाही, कारण कित्येक बोर्डांत बटण न्यूट्रलवर जोडलेलं सापडतं. बटण बंद, पंखा थांबलेला, आणि लोखंडात फेज जिवंत.

संपादक महाशय, माझं नाव छापू नये ही विनंती. मला लाज वाटते म्हणून नाही, ती वाटतेच. नाव छापलं तर ते घर ओळखू येईल, आणि त्या पोराच्या पोटावर पाय येईल.

टेस्ट रिपोर्टांच्या कार्बन कॉपी मी जपून ठेवल्या होत्या, शिक्का मारलेला कागद टाकायचा नाही ही जुनी सवय. गेल्या दिवाळीत त्या काढून बसलो. न बघता सही केलेली ३१२ घरं निघाली. वही केली, पत्ते लिहिले. रोज सकाळी दोन घरं, मोफत, माझा मेगर, माझा अर्थ टेस्टर. आजवर ९४ झाली. त्यांतल्या ४१ घरी अर्थिंग नावालाच होतं. ११ घरी हिरवी वायरच नव्हती. काहींनी लगेच काम करून घेतलं, काही 'पुढच्या पगाराला' म्हणाले. सहा घरांनी दारातूनच परत पाठवलं. परवा एका वहिनींनी दार अर्धंच उघडून विचारलं, "पंखा फिरतोय, लाइट लागतोय, मग तुम्हाला काय बघायचंय?" त्यांच्या मागे ओसरीत नवाकोरा कूलर उभा होता, अजून प्लास्टिक न काढलेला. गुरुवारी पुन्हा जाणार आहे. त्यांचे मालक गुरुवारी घरी असतात म्हणे.

आपला,
एक परवानाधारक विद्युत कंत्राटदार, अमळनेर
(नाव-पत्ता संपादकांकडे)